मर्लचे सहा चेंडू

शार्लीननं मला दोन पानं लिहायला सांगितली. हंगामाच्या शेवटच्या जेवणाला आपण जी पुस्तिका वाटतो, तिच्यात यंदा मर्ल बॉन्ट्रेगरवर काहीतरी असावं, असं पालक मंडळात ठरलं. "तूच लिही, जॅनेल," ती फोनवर म्हणाली, "तुझ्याइतकं चांगलं पत्र या गावात कुणाला लिहिता येत नाही." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

दोन पानं मी लिहिलीही. त्यांत मर्लची एकतीस वर्षं होती, त्याची हिरवी टोपी होती, फाटलेल्या जर्सी शिवण्याची त्याची जाड सुई होती. खोटं एक अक्षर नव्हतं. कर्टला वाचून दाखवली, तर माझा नवरा म्हणाला, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस?" आणि झोपायला गेला. ती पानं मी पुसून टाकली. आता पुन्हा पहिल्यापासून लिहिते आहे.

मर्लचा बाप घोड्यांचे साज दुरुस्त करायचा. आपल्याकडे नदीपलीकडे अजून घोडागाडी चालवणारी घरं आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जास्त होती. लगाम, पट्टे, खोगिरं, सगळं बॉन्ट्रेगरच्या शेडमध्ये यायचं. मर्ल त्या शेडमध्येच वाढला. नुसत्या वासावरून तो सांगायचा की हे चामडं शेगडीजवळ वाळवलंय, हे वाऱ्यावर. बाप गेल्यावर शेड बंद झाली. मर्लनं बरीच वर्षं शाळेच्या बस चालवल्या, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजच्या सामानखोलीत लागला. तो स्वतः हा हातानं फेकायचा फुटबॉल कधीही खेळलेला नाही. "मला ढकलाढकली आवडत नाही," तो म्हणायचा. त्यानं लग्न केलं नाही. दुपारी अंड्याचं सँडविच, रेडिओवर धान्याचे भाव, आणि शनिवारी सामना. सामन्याच्या दिवशी तो बाकाच्या टोकाला उभा असायचा, हातात टॉवेल आणि पायाशी चेंडूंची पिशवी.

ही पिशवी म्हणजे काय, हे आजी-आजोबांपैकी पुष्कळांना ठाऊक नसतं. मलाही तीन वर्षं ठाऊक नव्हतं. सामन्यात दोन्ही संघ एकाच चेंडूनं खेळत नाहीत. ज्याची चढाई, त्याचा चेंडू. पंच आधी तपासतात, मग आपली पोरं आपल्या चेंडूनं खेळतात आणि समोरची त्यांच्या. नवा चेंडू खोक्यातून येतो तेव्हा त्यावर मेणासारखा थर असतो. हातात घेतला की माशासारखा सुळकन निसटतो. तो थर घासून काढावा लागतो. ओला ब्रश, मग कोरडा ब्रश, मग हातानं चोळणं, वाळवणं, पुन्हा ब्रश. मर्ल एका चेंडूवर तीन दिवस घालवायचा. असे सहा चेंडू तो दर हंगामाला तयार करायचा आणि ते एकाच माणसासाठी असायचे: क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे संघात पास फेकणाऱ्या मुलासाठी. टोकाला शाईनं एक ते सहा आकडे. सरावात त्यांना कुणी हात लावायचा नाही.

आणि त्याची एक रीत होती. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की पहिल्याच दिवशी तो क्वार्टरबॅकशी हात मिळवायचा, आणि हात सोडायचाच नाही. पोरगं अवघडून हसायचं. बाकीची टाळ्या पिटायची, "मर्ल, लग्नाचं विचार आता!" सगळ्यांना वाटायचं, म्हातारा प्रेमळ आहे. तो माप घेत असायचा. अंगठा कुठवर पोचतो, जोर कुठल्या बोटात आहे, तळवा घामेजतो का. मग खोलीत जाऊन त्या हाताच्या मापानं चेंडू घासायचा.

यंदा आमचा मुलगा गॅरेट चौथ्या वर्षाला होता, म्हणजे क्वार्टरबॅक म्हणून दुसरं आणि शेवटचं वर्ष. त्यानं ऑगस्टमध्ये मर्लपुढे डावा हात केला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

हंगाम कसा गेला हे सगळ्यांनी पाहिलंय, तरी लिहिते, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही. चेंडू पोटाशी धरून घुसायचं असेल तर आपल्या पोरांसारखी पोरं या भागात नाहीत. पण फेकायची वेळ आली की घात व्हायचा. पहिल्या पाच सामन्यांत फेकून मिळालेले गुण, म्हणजे टचडाउन, दोन, आणि समोरच्यांनी मधल्यामध्ये झेललेले पास अकरा. हे आकडे मी कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला मांडत होते, जसे काही मांडल्यानं थांबणार होते. चेंडू वर उडायचा, कधी झेलणाऱ्या मार्कीसच्या पायाशी पडायचा, कधी बदकासारखा फडफडत जायचा. तिसऱ्या सामन्यापर्यंत समोरच्यांना कळून चुकलं की आपण फेकू शकत नाही. मग त्यांचे अकराच्या अकरा पुढे येऊन भिंत करायचे, आणि धावणाऱ्यांनाही वाट उरायची नाही.

आपल्या पायऱ्यांवर बसून सामना बघणारे लोक काही कमी नाहीत. माझ्या मागे म्हातारा बड असायचा, ज्याचा नातू कधीकाळी संघात होता. "अरे, तो निळ्या जर्सीतला आपला, पांढऱ्यातला नाही!" तो ओरडायचा. "त्याला कणसं द्या रे फेकायला, चेंडू वाया जातायत!" लोक हसायचे. एकदा त्याला कुणीतरी कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडे खूण केली. तो पुढे वाकून म्हणाला, "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. मी माझ्या नातवालाही असंच बोलायचो." त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

मी काळजी करणारी बाई आहे, हे सर्वांना माहीत आहे. गॅरेट लहान असताना मी त्याच्या डब्यातली द्राक्षं चार तुकडे करून द्यायचे, तो तिसरीत जाईपर्यंत. शाळेच्या ग्रंथालयात काम करते, पत्र लिहायची सवय आहे, आणि घरात काही बिघडलं की मला आधी कुणाला तरी लिहावंसं वाटतं. कर्ट म्हणतो, "जॅनेल, तू गारपिटीलाही तक्रारपत्र लिहिशील."

चौथ्या सामन्यानंतर रविवारी गॅरेट जेवायला घरी आला. मी विचारलं, काय होतंय? काही नाही म्हणाला. झोप होते का? होते. कोच काही बोलतात का? नाही. एखादी मुलगी वगैरे?

"आई!"

"बरं, मग काय? काहीतरी असेलच ना. गेल्या वर्षी तू असा नव्हतास."

त्यानं काटा खाली ठेवला. "चेंडू गुळगुळीत आहेत. झालं? पकड बसत नाही."

"आपलेच चेंडू?"

"हो, आपलेच. भाजी दे."

एवढंच. पण मला दोरीचं टोक मिळालं होतं.

पाचव्या सामन्यातही तेच झालं. पुढच्या बुधवारी मी संघाच्या गुरुवारच्या जेवणासाठी केलेल्या दालचिनीच्या रोलमधून एक डबा बाजूला काढला आणि दुपारी सामानखोलीत गेले. राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल, गुरुवारी संध्याकाळी हेच असतं, तेव्हा डबा नेण्याला कारण शोधावं लागलं नाही.

मर्ल खुर्चीत बसला होता. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर चेंडू.

"बस गं," तो म्हणाला. "तुझा बाप यायचा इथे. तासभर बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. तू कुणावर गेलीस कोण जाणे."

मी हसले. डबा टेबलावर ठेवला. त्याचा ब्रश धरलेला हात थरथरत होता. नेहमीच थोडा थरथरायचा, पण त्या दिवशी मी तो पाहायला गेले होते, म्हणून जास्त दिसला.

"पाण्यानं भिजवता हे?"

"भिजवल्याशिवाय मेण जाईल का?"

"आणि किती वेळ घासायचं असतं?"

"होईपर्यंत."

"म्हणजे काही ठरलेलं माप, वेळ...?"

त्यानं मान वर केली. "तुझी आई पाव भाजायची तेव्हा घड्याळ बघायची का?"

"बघायची," मी म्हटलं.

"मग ती चांगली बाई होती," तो म्हणाला आणि हसला. त्यानं चेंडू माझ्या हातात दिला. चौथा. "बघ."

मी काय बघणार? मला तो जरा ओलसर लागला. एका बाजूला दुसऱ्यापेक्षा गडद. अंगठा येतो त्या जागी चामडं जास्त खरवडलेलं, जवळजवळ लव आल्यासारखं. मनात म्हटलं, सारखा घासलेलासुद्धा नाही. दिसत नसेल त्याला.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. क्रीडा विभागाचे संचालक मिस्टर हॅल्वरसन यांना. तीन परिच्छेद. पहिल्यात मर्लच्या सेवेबद्दल आदर. दुसऱ्यात: बुधवारी दुपारी प्रत्यक्ष पाहिलं की त्यांचे हात थरथरतात, चेंडू घासण्याची ठरलेली पद्धत नाही, चामडं एकसारखं होत नाही, आणि खेळाडूंना पकड बसत नाही. तिसऱ्यात: "हे आम्ही त्यांच्याविषयीच्या प्रेमापोटी लिहीत आहोत." आम्ही. मी एकटीच होते. खाली लिहिलं, काही चिंतित पालक, आणि माझं नाव कृपया गुप्त ठेवावं. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं. हे लिहायला सगळ्यांत जड जातंय. ते मला आवडलं होतं.

त्या शनिवारी सामना नव्हता. सोमवारी मर्लला सांगण्यात आलं की त्यानं आता धुलाई आणि शिवणकाम बघावं, सामन्याला यायची गरज नाही. चेंडूंचं काम एका विद्यार्थ्याकडे गेलं, ड्रिलला लावायचा गोल ब्रश आणि छापील सूचना यांसह. मर्लचे सहा चेंडू सरावात टाकले. नवे सहा तयार झाले, एकसारखे, सुंदर. शनिवारी बाकाच्या टोकाला हिरवी टोपी नव्हती. शार्लीन म्हणाली, "मर्ल आजारी आहे का गं?" मी म्हटलं, "कोण जाणे." तिथे आपण दोघी शेजारी बसलो होतो, शार्लीन. तुझ्या थर्मासमधली कॉफी मी पीत होते.

सहाव्या सामन्यात आपले चार पास समोरच्यांनी झेलले. सातव्यात ते घडलं जे सगळ्यांनी पाहिलं: गॅरेट मागे सरकला, हात वर नेला, त्याच्या दहा फुटांत कुणी नव्हतं, आणि चेंडू त्याच्या हातातून मागच्या मागे पडला. बडसुद्धा काही बोलला नाही. तो गप्प बसला, तेव्हा मी घाबरले.

डॉक्टरांनी मैदानाकडेच्या तंबूत त्याचा हात पाहिला. उजव्या अंगठ्याच्या मुळाचा स्नायुबंध फाटलेला. ताजा नाही, म्हणाले. अडीच-तीन महिन्यांचा तरी.

परतताना गाडीत मी मागच्या सीटवर त्याच्याशेजारी बसले होते, तो पाच वर्षांचा असल्यासारखी. कर्ट गाडी चालवत होता.

"कधी लागलं?" मी विचारलं.

"जुलैत."

"कुठे?"

"फ्रीझर, आई."

मग मला आठवलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी गॅरेटकडून मोठा फ्रीझर तळघरात उतरवून घेतला होता, कारण पालक मंडळासाठी अर्ध्या गाईचं मांस येणार होतं. दाराच्या चौकटीत त्याचा हात सापडला. तो ओरडला. मी वरून म्हटलं, "भिंतीला लागलं का?" भिंतीला. नुकताच रंग दिला होता. मग म्हटलं, बर्फ लाव. आणि वाटाण्याची पिशवी खाली फेकली. ज्या बाईनं द्राक्षं चार तुकडे करून दिली, तिनं हे विसरायचं!

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बसवलं असतं. शेवटचं वर्ष होतं."

"पण तू मला म्हणालास चेंडू गुळगुळीत आहेत."

"तू सतरा वेळा विचारत होतीस! काहीतरी सांगायलाच हवं होतं." मग तो हळूच म्हणाला, "मर्लचे चेंडू होते म्हणून पाच सामने तरी निघाले. त्यानं अंगठ्याची जागा अशी केली होती की नुसता टेकवला तरी धरून राहायचा. मी सांगितलं नव्हतं त्याला. त्यानं आपणच केलं. आणि त्यांनी बिचाऱ्याला धुलाईला बसवलं. कुठल्या मूर्खानं केलं कुणास ठाऊक."

कर्टनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला पत्राची माहिती नव्हती. पण सव्वीस वर्षांच्या संसारात आरसा पुरतो.

"मी केलं," मी म्हटलं.

गॅरेट वळला. "काय?"

"पत्र. मी लिहिलं. हॅल्वरसनना."

"तू?" एवढंच म्हणाला. घराशी उतरताना त्याला डाव्या हातानं गाडीचं दार उघडता येईना, मी उघडायला गेले, तर म्हणाला, "राहू दे."

सोमवारी सकाळी मी हॅल्वरसन यांच्या दारात उभी होते. सगळं सांगितलं. पत्र मागे घेते म्हटलं, लिहून देते, नावानिशी देते. ते शांतपणे ऐकत होते.

"मिसेस फेल्डकॅम्प, तुमच्या मुलाचं वाईट वाटलं. पण हंगामाच्या मध्ये पुन्हा बदल करणं बरं दिसत नाही."

"पण कारणच खोटं होतं!"

"मर्लना मी विचारलं होतं. चेंडूत काही दोष असू शकेल का? ते म्हणाले, असेलही." त्यांनी बोटं एकमेकांत गुंतवून हात टेबलावर ठेवले. "आणि खरं सांगू? त्यांचं वय चौऱ्याहत्तर आहे. आमच्या मनात होतंच. कसं करावं कळत नव्हतं. तुमच्या पत्रामुळे सोपं गेलं."

मी आयुष्यात खूप पत्रं लिहिली. इतकं यश एकालाही मिळालं नव्हतं.

रविवारी चर्चनंतर मी मर्लच्या घरी गेले. रोल नेले नाहीत. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायची ही माझी पहिलीच वेळ. तो ओट्यावर कुणाच्या तरी घोड्याची मोरकी शिवत होता. सुई धरली की त्याचा हात थरथरत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"मर्ल, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"पत्राचं ना?"

मी पायरीवर बसले.

"हॅल्वरसननं वाचून दाखवलं मला," तो म्हणाला. "नाव नाही सांगितलं. पण बुधवारी दुपारी माझ्या खोलीत येतं कोण? एक तू, आणि एक तो फिनाइलवाला. फिनाइलवाल्याला एवढे जोडशब्द येत नाहीत."

"मला माफ करा."

त्यानं दोरा तोडला. "पत्र चांगलं होतं. स्वल्पविराम कुठे आहे तेसुद्धा ऐकू येत होतं. हात थरथरतात, ते खरंच आहे. पद्धत नाही, तेही तुझ्या बाजूनं बरोबर. पण ते प्रेमापोटीचं वाक्य नको होतं, जॅनेल. ते नसतं तर मी रागावून मोकळा झालो असतो."

मला रडू येत होतं, पण तिथे रडणं म्हणजे पुन्हा त्यालाच कामाला लावणं झालं असतं. म्हणून विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलं? एका वाक्यात सुटला असता."

"पोराचं गुपित मी कसं सांगू? त्यानं मला सांगितलेलंही नव्हतं. डावा हात पुढे केला, त्यावरून मी ताडलं." त्यानं मोरकी बाजूला ठेवली. "आता माझं ऐक. मी काही फार शहाणपणा केला नाही. ऑगस्टपासून ठाऊक होतं मला. डॉक्टरकडे ने म्हणून तुला फोन करायला हवा होता. पण मला वाटलं, चामडं नीट केलं की भागेल. मला तेवढंच येतं. पोरगा तिकडे हात फाडून घेत होता आणि मी चेंडू मऊ करत बसलो. तेव्हा माफीबिफीचं नंतर बघू. त्याचा अंगठा कसा आहे?"

"शस्त्रक्रिया आहे. बावीस तारखेला."

"बटणं लावता येतात का?"

"नाही."

"येतील," तो म्हणाला. मग मोरकी पुन्हा हातात घेतली. "शनिवारी काय करायचं असतं माणसानं? मला माहीतच नाही. काल मी छपराच्या पन्हळी साफ केल्या. अकरा वाजेपर्यंत झाल्या."

हे तो विनोदानं म्हणाला असावा. मी हसू शकले नाही, आणि तोही हसला नाही.

शेवटच्या घरच्या सामन्याला, चौथ्या वर्षाच्या मुलांना निरोप देतात त्या दिवशी, मर्ल आला. तिकीट काढून आला. एकतीस वर्षांत तो पायऱ्यांवर कधी बसला नव्हता. जिन्याशी टोपी हातात घेऊन उभा होता, कुठे बसायचं ते कळेना. गॅरेटनं मैदानावर मला फूल दिलं, पट्टीतल्या हातानं, नियमाप्रमाणे गालाला गालही लावला. तो माझ्याशी आता बोलतो, पण अजून जपून बोलतो. फूल घेऊन मी वर गेले आणि मर्लला म्हटलं, "इथे बसा." तो माझ्या आणि कर्टच्या मध्ये बसला. बड मागून ओरडला, "मर्ल, तुला वरून बघितलं नव्हतं कधी! टक्कल आहे की रे तुला!"

"म्हणूनच खाली उभा राहायचो," मर्ल म्हणाला.

पहिल्या वर्षाचा पोरगा फेकत होता. त्याचा पहिला पास लांब गेला. दुसरा मार्कीसच्या हातात बसला, आणि सगळे उभे राहिले. मर्ल बसूनच होता, डोळ्यांना दुर्बीण लावून. तो झेल बघत नव्हता, पोराची बोटं बघत होता.

"लहान हात आहे," तो पुटपुटला. "त्याला कडेनं जास्त घासायला हवा. कुणी सांगेल का त्याला?"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"माझं काम धुलाई."

सामना संपल्यावर चेंडूवाला विद्यार्थी पिशवी घेऊन कठड्याखालून जात होता. मर्ल उठला, कठड्यापाशी गेला, तिथेच थांबला. हाक मारली नाही. तो मुलगा निघून गेला. मी हे पाहिलं. हाक मीही मारू शकले असते, आणि मारली नाही. मग मर्लनं टोपी घातली आणि जिन्यानं खाली उतरला, कठडा धरून, एकेक पायरी.

हे सगळं सांगून काही परत येत नाही, हे मला कळतं. हॅल्वरसन पुढच्या वर्षी त्याला बोलावतील की नाही, माहीत नाही. त्यांना मी पुन्हा लिहिलंय, यावेळी एकच परिच्छेद, "मी" असं लिहून, आणि खाली पूर्ण नाव. त्या लहान हाताच्या पोराच्या आईशीही बोलले. तिला म्हटलं, ऑगस्टची वाट बघू नकोस. मुलाला घेऊन मर्लच्या ओट्यावर जा, आणि पोराला सांग, हात मिळव, उजवा, आणि तो सोडेपर्यंत सोडू नकोस.

शार्लीन, तू दोन पानं मागितली होतीस, ही जास्त झाली. जागा कमी पडली तर घोड्यांच्या साजाचं काढ, बडचे विनोद काढ, फुलाचं तर नक्कीच काढ. पत्राचं काढू नकोस. आणि जेवणाच्या दिवशी मर्लला पुस्तिका आधी दे, माझ्या खुर्चीपासून लांब बसव, म्हणजे वाचताना त्याला माझ्याकडे बघावं लागणार नाही.

जॅनेल फेल्डकॅम्प